मृत्युपत्र, वारसा आणि न्यायालय : महाराष्ट्रात योग्य अर्ज कसा ओळखावा

घरातील व्यक्ती गेल्यानंतर तिच्या नावावरची मालमत्ता वारसांच्या नावे करून घेताना प्रत्येक कार्यालयात वेगळा कागद मागितला जातो. बँक म्हणते ‘सक्सेशन सर्टिफिकेट’, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, आणा; गृहनिर्माण संस्था म्हणते ‘प्रोबेट’, म्हणजे मृत्युपत्र खरे ठरवणारा न्यायालयाचा दाखला, आणा; आणि तिसरीकडे ‘कोर्टाचा वारस दाखला’ हवा असतो. हे तीनही कागद न्यायालयच देत असले, तरी त्यांचे कायदेशीर आधार वेगळे आहेत, प्रत्येकाचा अर्ज वेगळा आहे आणि एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. चुकीचा अर्ज दाखल झाला तर न्यायालयीन शुल्क, जाहीर नोटिशीचा खर्च आणि कित्येक महिने वाया जातात, म्हणून अर्जाचा नमुना शोधण्याआधी आपल्याला नेमका कोणता अर्ज करायचा आहे हे ठरवणे आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करावी लागते. रकाने भरून खिडकीवर द्यायचा छापील अर्ज या कामात सहसा नसतो. अर्जाचा मसुदा तयार करावा लागतो आणि त्यात कोणकोणती माहिती असलीच पाहिजे हे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलमांत लिहिलेले आहे. ज्याला कलम सापडले, त्याला अर्जाचा सांगाडा सापडला असे समजावे. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रापुरते आहे.

पहिली पायरी : मालमत्तेची यादी करा आणि न्यायालयाशिवाय होणारी कामे वेगळी काढा

एका कागदावर मृत व्यक्तीची सर्व मालमत्ता लिहून काढावी : शेतजमीन, घर, सदनिका, बँकेतील खाती व मुदत ठेवी, शेअर व म्युच्युअल फंड, विमा, भविष्य निर्वाह निधी, दागिने, वाहन, लोकांकडून येणे असलेली रक्कम आणि त्याबरोबरच फेडायची कर्जे. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : नामनिर्देशन आहे का, संयुक्त नाव आहे का, आणि मृत्यूच्या दिवशीची अंदाजे किंमत किती. पुढे कोणताही अर्ज करायचा झाला तरी त्याचे परिशिष्ट याच यादीतून तयार होणार असल्याने येथे घाई करू नये.

यानंतर न्यायालयात जाण्याची गरज नसलेल्या बाबी बाजूला काढाव्यात. शेतजमिनीच्या सातबारावर वारस नोंद लावण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. वारसांमध्ये वाद नसेल तर वारस नोंदवहीतून फेरफार होऊन मंडळ अधिकाऱ्यांच्या मंजुरीने हे काम पूर्ण होते. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे. तिने मालकीहक्काचा वाद मिटत नाही, हे लक्षात ठेवावे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत ग्राहकांच्या दाव्यांसंबंधी एकत्रित निर्देश काढले आहेत. नामनिर्देशन नसलेल्या खात्यांसाठी व्यापारी बँकांत किमान १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकांत किमान ५ लाख रुपयांपर्यंत सोपी पद्धत त्यात ठरवून दिली असून दाव्याचे नमुनेही दिलेले आहेत. एवढ्या रकमेसाठी शाखेने थेट सक्सेशन सर्टिफिकेट मागितले, तर या निर्देशांचा हवाला देऊन लेखी विचारणा करावी. वारसांत वाद नसताना केवळ शाखेच्या सवयीमुळे एखाद्या विधवेला न्यायालयाची पायरी चढावी लागणे योग्य नाही.

सदनिकेबाबत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम १५४ब-१३ पाहावे. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, कायदेशीर वारस प्रमाणपत्र किंवा वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे संस्था हस्तांतरण करू शकते आणि तोपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्यत्व देते. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘नॉमिनी मी आहे, मग कोर्टाचे काय काम’ असे म्हणणाऱ्याने इतर वारसांचा विचार आधीच करून ठेवावा.

दुसरी पायरी : मृत्युपत्र आहे का, याचा खरा शोध घ्या

कोणता अर्ज करायचा याचे उत्तर बहुतांशी या एका प्रश्नावर अवलंबून असते, तरीही ‘घरात काही सापडले नाही’ एवढ्यावरच अनेकदा शोध थांबतो. कपाट आणि लॉकर पाहून झाल्यावर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्र नोंदवलेले असण्याची शक्यता आहे तेथे अर्ज करावा. मृत्युपत्रकर्त्याच्या हयातीत त्याच्या नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल इतरांना मिळत नाही, पण त्याच्या निधनानंतर मृत्यूचा दाखला जोडून ती मागता येते. काही जण मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवतात, म्हणून तेथेही विचारावे. शिवाय कुटुंबाचे नेहमीचे वकील, सनदी लेखापाल आणि जवळचे मित्र यांच्याकडे चौकशी करावी, कारण साक्षीदार बहुधा यांच्यापैकीच कोणी तरी असतात.

मृत्युपत्र सापडले तर ते जसे आहे तसे ठेवावे. त्याला टाचणी लावू नये, छिद्र पाडू नये, त्यावर पेनाने खूण करू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. मूळ प्रतच न्यायालयात जमा होणार असते आणि तिच्यावरच्या प्रत्येक अनोळखी खुणेचा खुलासा मागितला जाऊ शकतो. त्यानंतर ते शांतपणे वाचून चार गोष्टी टिपाव्यात : तारीख, सही किंवा अंगठा, दोन साक्षीदारांची नावे व पत्ते, आणि व्यवस्था पाहण्यासाठी एक्झिक्युटर नेमला आहे का. नंतरची पुरवणी म्हणजे कोडिसिल असेल तर तीही मृत्युपत्राचाच भाग असल्याने सोबतच दाखल करावी लागते.

तिसरी पायरी : चार अर्जांपैकी आपला कोणता ते ठरवा

मृत्युपत्र आहे आणि त्यात एक्झिक्युटर नेमलेला आहे, तर अर्ज प्रोबेटचा होतो. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२२ प्रमाणे प्रोबेट फक्त मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. मुलगा आहे किंवा सर्व मालमत्ता आपल्यालाच दिली आहे एवढ्या कारणावर ते मागता येत नाही. ‘एक्झिक्युटर’ हा शब्द मृत्युपत्रात नसला, पण ‘माझी देणी फेडून उरलेल्याची वाटणी माझ्या थोरल्या मुलीने करावी’ अशा आशयाचे वाक्य असले, तर त्यातून नेमणूक अभिप्रेत आहे असे न्यायालय मानू शकते. म्हणून शेवटचे परिच्छेद दोनदा वाचावेत.

मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नेमलेला नाही, किंवा तो आधीच वारला आहे, किंवा जबाबदारी घ्यायला नकार देतो, अशा वेळी कलम २३२ खाली मृत्युपत्रासह प्रशासनपत्राचा, म्हणजे व्यवहारात ज्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात त्याचा, अर्ज करावा. तो बहुधा सर्व किंवा उर्वरित मालमत्ता ज्याला दिली आहे अशा व्यक्तीने करायचा असतो. मृत्युपत्र नसतानाही संपूर्ण मालमत्तेची व्यवस्था एका हाती हवी असल्यास साधे प्रशासनपत्र मागता येते.

मृत्युपत्र नाही आणि अडलेली बाब म्हणजे ठेवी, रोखे, शेअर, येणी अशी आहे, तर कलम ३७२ खाली उत्तराधिकार प्रमाणपत्राचा, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेटचा अर्ज करावा. ते सर्व धर्मीयांना मिळते. वारस कोण हे मात्र ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत कायद्याने ठरते. हे प्रमाणपत्र येणे रकमा व रोखे यांच्यापुरतेच असते, घर किंवा जमीन त्यात बसत नाही.

स्थावर मालमत्तेसाठी वारस म्हणून मान्यता हवी असेल तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला हा चौथा मार्ग आहे. एवढा जुना कायदा आजही आपल्या दिवाणी न्यायालयांत रोज वापरात आहे. तहसील कार्यालयातून निवृत्तिवेतनासारख्या कामासाठी मिळणारा वारस दाखला वेगळा आणि हा न्यायालयाचा दाखला वेगळा. कार्यालयाने ‘वारस दाखला आणा’ म्हटले की कोणत्या प्राधिकाऱ्याचा, हे लेखी विचारून घ्यावे.

येथे मुंबईकरांना एक बदल सांगणे भाग आहे. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मालमत्तेबाबतच्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राला कलम २१३ मुळे प्रोबेट सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे ते कलमच वगळले. त्यामुळे ‘मुंबईत प्रोबेटशिवाय मृत्युपत्र चालत नाही’ हे जुन्या लेखांत आणि अनेक संस्थांच्या परिपत्रकांत आढळणारे वाक्य आता तसेच्या तसे धरून चालू नये. सक्ती गेली, पण प्रोबेट मागण्याचा अधिकार कायम आहे. वारसांपैकी कोणी सहीवर शंका घेत असेल, साक्षीदार वृद्ध असतील किंवा मालमत्ता मोठी असून ती पुढे विकायची असेल, तर सक्ती नसतानाही प्रोबेट घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्षीदार हयात असताना पाच मिनिटांत सिद्ध होणारी सही त्यांच्या पश्चात सिद्ध करायला फार कष्ट पडतात.

चौथी पायरी : योग्य न्यायालय

बृहन्मुंबईत प्रोबेट, प्रशासनपत्र आणि उत्तराधिकार प्रमाणपत्राचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्र व वारसाविषयक, विभागात दाखल होतात. नगर दिवाणी न्यायालयाला हा अधिकार नाही. राज्यात इतरत्र जिल्हा न्यायालय किंवा अधिकार दिलेले दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जावे लागते. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी मृत व्यक्ती मृत्यूसमयी जेथे सामान्यतः राहत होती ते ठिकाण पाहिले जाते. प्रोबेटसाठी तिचे कायम राहण्याचे ठिकाण किंवा काही मालमत्ता त्या न्यायालयाच्या हद्दीत असली तरी चालते. मृत्यू दुसऱ्या शहरातील रुग्णालयात झाला म्हणून तेथील न्यायालयात जाण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी : मसुदा तयार करणे

उच्च न्यायालयात दाखल करायचे असल्यास मूळ शाखेचे नियम, १९८० उघडावेत. त्यांच्यासोबत याचिका, शपथ आणि प्रतिज्ञापत्रांचे नमुने दिलेले आहेत आणि ते जसेच्या तसे वापरणेच इष्ट. जिल्हा न्यायालयासाठी पुढील कलमे समोर ठेवून मसुदा करावा. १९२५ च्या अधिनियमाच्या शेवटच्या अनुसूचीही अवश्य पाहाव्यात : पाचव्या अनुसूचीत हरकत नोंदवण्याच्या कॅव्हेटचा, सहाव्यात प्रोबेटचा, सातव्यात प्रशासनपत्राचा आणि आठव्यात उत्तराधिकार प्रमाणपत्राचा नमुना आहे. शेवटी हाती येणारा कागद कसा दिसतो हे आधी पाहिले की अर्जात काय मागायचे ते आपोआप कळते.

प्रोबेटच्या अर्जात कलम २७६ प्रमाणे मृत्यूची वेळ, जोडलेला दस्त हे अखेरचे मृत्युपत्र असल्याचे व ते विधिवत केलेले असल्याचे कथन, अर्जदाराच्या हाती येऊ शकणाऱ्या मालमत्तेची रक्कम, आणि अर्जदार हाच नेमलेला एक्झिक्युटर असल्याचे कथन हवे. न्यायालयाच्या हद्दीत मृताचे कायम वास्तव्य किंवा मालमत्ता होती हेही लिहावे. मुंबईच्या पद्धतीत याचिकेला तीन परिशिष्टे जोडतात : पहिल्यात मालमत्ता, दुसऱ्यात देणी व अंत्यविधीचा खर्च, आणि तिसऱ्यात मृताने विश्वस्त म्हणून धारण केलेली, म्हणजे स्वतःच्या लाभाची नसलेली मालमत्ता. मृत्यूनंतर तीन वर्षे उलटून गेली असल्यास विलंबाचे कारण याचिकेतच द्यावे.

अर्जावर अर्जदाराची सही व सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीनिशी कथन, लागतेच, पण प्रोबेटच्या अर्जावर शक्य असेल तेथे मृत्युपत्राच्या किमान एका साक्षीदाराचेही सत्यापन लागते, आणि नवख्यांकडून नेमके हेच राहून जाते. कलम २८१ मधील त्या मजकुराचा आशय असा : ‘वरील अर्जात नमूद केलेल्या मृत्युपत्राचा मी एक साक्षीदार असून, मृत्युपत्रकर्त्याने त्यावर सही केली तेव्हा मी हजर होतो व ती सही करताना मी पाहिले, असे मी जाहीर करतो.’ साक्षीदाराने प्रत्यक्षात जे पाहिले तेवढेच लिहावे. सही आधीच झालेली होती आणि मृत्युपत्रकर्त्याने ‘ही माझीच सही’ असे सांगितले, असे घडले असेल तर तसेच लिहावे. तेही कायद्याला चालते, खोटे कथन मात्र दंडनीय आहे.

मृत्युपत्र मराठीत असेल आणि अर्ज मुंबई उच्च न्यायालयात असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. आधी न्यायालयाच्या भाषांतरकार कार्यालयात चौकशी करावी, कारण त्या कामालाही वेळ लागतो. जिल्हा न्यायालयांत मराठी ही न्यायालयाचीच भाषा असल्याने ही अडचण येत नाही.

उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जात कलम ३७२ प्रमाणे मृत्यूची वेळ, सामान्य निवासाचे ठिकाण, कुटुंबीय व जवळच्या नातलगांची नावे व पत्ते, अर्जदाराचा हक्क कशावरून, प्रमाणपत्र देण्यास कायदेशीर अडथळा नसल्याचे कथन, आणि ज्या येण्यांसाठी व रोख्यांसाठी प्रमाणपत्र हवे त्यांचा तपशील द्यायचा असतो. या शेवटच्या बाबीत ‘अमुक बँकेतील मुदत ठेव’ एवढेच लिहून भागत नाही. शाखा, खाते किंवा पावती क्रमांक, ठेवीची तारीख, मूळ रक्कम आणि मृत्यूच्या दिवशी व्याजासह होणारी रक्कम असे पाचही तपशील लिहावेत, कारण हीच ओळ पुढे प्रमाणपत्रात उतरते आणि बँकेचा अधिकारी आपल्या नोंदीशी ती अंकान्‌अंक ताडून पाहतो. शेअरच्या बाबतीत कंपनीचे नाव, फोलिओ किंवा डीमॅट खाते क्रमांक आणि शेअरची संख्या द्यावी. एखादी ठेव यादीतून सुटल्यास कलम ३७६ खाली प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून मागता येते, परंतु तो पुन्हा वेगळा अर्ज होतो.

नातलगांची यादी करताना फार जपावे. हिंदू पुरुषाच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि विधवा यांच्याबरोबर आईही पहिल्या वर्गातील वारस आहे. नव्वदीच्या आजीचे नाव ‘तिला कशाला त्रास’ म्हणून वगळले जाते आणि अर्ज सदोष होतो. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही वारस असतात, आणि लग्न झालेल्या मुलींची नावे तर गाळताच येत नाहीत. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेत क्रम निराळा आहे : प्रथम मुलगे, मुली व पती, आणि ते नसतील तर पतीचे वारस; मात्र अपत्य नसेल तर आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते. प्रोबेटच्या अर्जातही मृत्युपत्राने काहीच न मिळालेल्या वारसांची नावे द्यावीत. त्यांना नोटीस जाणे हाच त्यांचा आणि तुमचाही बचाव आहे.

नावांतील फरक वेळीच हाताळावा. आधारवर एक नाव, ठेव पावतीवर माहेरचे नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग असे आढळले, तर अर्जाच्या शीर्षकातच ‘उर्फ’ लावून सर्व नावे लिहावीत आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. आदेश झाल्यावर ही दुरुस्ती करून घेणे कितीतरी कठीण असते.

सहावी पायरी : दाखल करणे आणि त्यानंतर

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, अर्जदाराची ओळखपत्रे, नाते दाखवणारे पुरावे, मालमत्तेचे कागद, मूळ मृत्युपत्र असल्यास ते, आणि सहमत असलेल्या वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रे जोडावीत. न्यायालयीन शुल्क मालमत्तेच्या मूल्यावर असते व त्याचे दर महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बदलत असल्याने दाखल करण्याच्या दिवशी लागू असलेला दर न्यायालयाच्या कार्यालयातूनच घ्यावा. महिलांना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत विधी सहाय्य मिळते, हे फार थोड्या विधवांना माहीत असते. अर्ज करण्याआधी त्यांनी तेथे जरूर जावे.

अर्ज नोंदवला गेल्यावर १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो. त्यावरून पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर पाहता येते. त्यानंतर वारसांना नोटीस आणि सर्वसाधारण जनतेसाठी जाहीर नोटीस निघते. वारस दाखल्याच्या अर्जात हरकतीसाठी उद्घोषणेपासून एक महिना दिला जातो. कोणी हरकत घेतली नाही तर अर्जदाराचे पुराव्याचे शपथपत्र, आवश्यक तेथे साक्षीदाराची साक्ष आणि मग आदेश असा क्रम असतो. प्रोबेटच्या प्रकरणात हरकत आली तर कलम २९५ प्रमाणे ते दाव्यासारखे चालते, आणि त्या टप्प्यावर वकिलाशिवाय पुढे जाऊ नये. मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट आणि चौदा दिवसांच्या आत प्रशासनपत्र देता येत नाही, पण प्रत्यक्षात लागणारा वेळ त्याहून पुष्कळ जास्त असतो. प्रशासनपत्रासाठी बंधपत्र द्यावे लागते आणि उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठीही न्यायालय जामीनदारांसह ते मागू शकते, म्हणून जामीनदार कोण राहील याचा विचार आधीच करावा.

आदेश झाला म्हणजे कागद हाती आला असे नव्हे. उरलेले शुल्क भरून मूळ प्रमाणपत्र तयार करून घ्यावे लागते आणि त्यातील प्रत्येक नाव, क्रमांक व रक्कम जागेवरच ताडून पाहावी लागते. मूळ प्रत कोणालाही देऊ नये. नक्कल विभागातून जेवढी कार्यालये आहेत तेवढ्या प्रमाणित प्रती एकदमच मागवाव्यात. उत्तराधिकार प्रमाणपत्र भारतभर चालते. जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट मात्र सर्वसाधारणपणे त्या राज्यापुरते असते, त्यामुळे परराज्यात मोठी मालमत्ता असल्यास उच्च न्यायालयाकडे अर्ज करण्याचा विचार सुरुवातीलाच करावा. प्रोबेट किंवा प्रशासनपत्र मिळालेल्या व्यक्तीने कलम ३१७ प्रमाणे सहा महिन्यांत मालमत्तेची सविस्तर यादी आणि एका वर्षात जमाखर्चाचा हिशेब त्याच न्यायालयात सादर करायचा असतो. या दोन्ही तारखा प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशीच लिहून ठेवाव्यात आणि देणी फेडल्याची प्रत्येक पावती त्या हिशेबासाठी जपून ठेवावी.